अक्कांच्या वयाची दुरुस्ती

जळगावच्या डाकतार कॉलनीत कुणाच्याही घरी सरकारी कागद आला, की तो आधी भटूनाना बिऱ्हाडेंच्या ओट्यावर जातो आणि मग कपाटात. लाइटबिलात कुठला आकार कशाचा, सातबाऱ्यावर कुणाचं नाव कुठे जाऊन बसलंय, विम्याच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय धमकी दिली आहे, हे सगळं नाना भिंग डोळ्याशी धरून समजावून सांगतात. धुळ्याहून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस. 'लोटनआबाच्या घरामागे, लिंबाखाली, तालुका भडगाव' एवढ्या पत्त्यावर पाकीट पोचवून दाखवलेला. अशा माणसाला न समजणारा कागद सरकारने अजून छापलेला नाही, असं कॉलनीचं मत होतं. नानांचंही तेच मत होतं. ते स्वतःहून तसं बोलत नसत, पण कुणी बोललं तर अडवतही नसत.

त्या वर्षी निवडणूक जवळ आली आणि कॉलनीच्या ग्रुपवर निरोप फिरला, 'आपले मतदार कार्ड तपासून घ्या.' तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे निरोपात नव्हतं. तेवढं पुरे होतं. नानांनी ग्रुपवर कळवलं की रविवारी सकाळी आपल्या ओट्यावर सर्वांच्या कार्डांचं वाचन होईल, ज्यांना शंका असतील त्यांनी यावं. चहाचं ते काही बोलले नव्हते, पण कॉलनीने ते गृहीत धरलं आणि नानांच्या पत्नी कोकिळाबाई शनिवारपासूनच घुश्शात होत्या.

"कार्डावर एक नाव, एक फोटो. त्यात वाचायचं काय इतकं?" त्या म्हणाल्या.

"तेच तर," नाना म्हणाले. "लोकांना वाटतं, एक नाव, एक फोटो."

रविवारी ओटा भरला. शेजारचे धनसिंगभाऊ राजपूत सर्वांत आधी येऊन खुर्ची पकडून बसले. धनसिंगभाऊ वीज मंडळातून निवृत्त झालेले. जगातल्या प्रत्येक ऑफिसात त्यांचा एक 'आपला माणूस' असतो, आणि आपल्याला काम पडतं त्याच दिवशी तो नेमका रजेवर असतो. कोपऱ्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान चालवणारा छगनही आला होता.

नानांनी कार्ड हातात घेतलं आणि उलटं केलं. कुठलाही कागद मागून वाचायचा ही त्यांची पद्धत, कारण पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता मागे असतो. मागे मतदारसंघाचं नाव होतं, भाग क्रमांक होता, अधिकाऱ्याची छापील सही होती. भाग क्रमांक म्हणजे काय, तर मताचा पिनकोड, असं नानांनी सांगितलं आणि ते लोकांना फार आवडलं. वरचा नंबर, तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे, तो जन्मभर आपलाच. घर बदललं तरी भाग बदलतो, नंबर नाही. चकचकीत शिक्का खरेपणाचा. इथवर छान चाललं होतं. मग नाना तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या सूचनेवर आले. तिचा अर्थ असा होता, की कार्ड जवळ आहे म्हणून यादीत नाव असेलच असं समजू नका.

नाना थांबले. त्यांनी सूचना पुन्हा वाचली. सरकारी कागदाने स्वतःच्याच अंगावर असं लिहावं, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. "ही म्हणजे अशी मनिऑर्डर झाली," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "जिच्यावर लिहिलंय की पैसे मिळतीलच असं नाही."

"नाना, माझं नाव यादीत आहे ना पण?" कुणीतरी घाबरून विचारलं आणि ओट्यावर एकच गलका झाला. त्या गलक्यात धनसिंगभाऊंचा हात नानांच्या घरातल्या कार्डांच्या गठ्ठ्याकडे गेला आणि त्यांनी सर्वांत जुनं, लॅमिनेशन पिवळं पडलेलं कार्ड उचललं. ते अक्कांचं होतं.

अक्का म्हणजे नानांच्या आई, सुंदरबाई. एरंडोलकडच्या खेड्यातल्या, बोलीही तिकडचीच. पाठ ताठ, डोळे तीक्ष्ण, कानांना ऐकू येतं आणि नको तेव्हा येत नाही. या बाईबद्दल बोलायचं तर तिच्या मतापासूनच सुरुवात करावी लागते. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकही मतदान अक्कांनी चुकवलेलं नाही. मतदानाच्या दिवशी त्या न्हाऊन, पांढरी सुती साडी नेसून, तसबिरीतल्या बुद्धाला आणि बाबासाहेबांना हात जोडून निघतात. उमेदवाराच्या रिक्षात बसत नाहीत, त्याच्या मंडपातलं पाणी पीत नाहीत. मत कुणाला दिलं, ते सांगत नाहीत. उखर्डूआबा, म्हणजे त्यांचे यजमान, मरेपर्यंत विचारत राहिले आणि तसेच गेले.

तर धनसिंगभाऊंनी अक्कांच्या कार्डावरचं वाचलं. जुन्या कार्डांवर जन्मतारीख नसे. एक जानेवारी पंच्याण्णव रोजी वय, असा रकाना असे. अक्कांचं वय लिहिलं होतं अडतीस. धनसिंगभाऊंनी नानांचं कार्ड घेतलं, त्याच्या शेजारी धरलं, ओठ हलवत हिशेब केला आणि एखादी सुवार्ता द्यावी तसं जाहीर केलं, "नाना! अक्का तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या!"

ओट्यावर जो हशा उसळला, तो म्हणे मागच्या गल्लीत ऐकू गेला. छगनने तर मोबाइलवर हिशेब करून खात्री करून दिली. "चारच वर्षांची होती बरं का तुमची माय!" हे तो कौतुकाने म्हणाला, हे आणखी वाईट.

दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, कार्ड घेतलं, पदराला पुसलं. "हसू द्या त्यासले," त्या शांतपणे म्हणाल्या. "कार्ड बरोबर शे, भटू. डब्बामा ठेई दे."

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. नानांनीही दिलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

त्यानंतरचे दिवस नानांना फार जड गेले. भाजीवाला विचारायचा, "नाना, मोठ्या बहिणीची तब्येत बरी?" विहारात वंदनेनंतर लोक चपला घालता घालता नानांकडे पाहून गालात हसायचे. पुण्याच्या मुलीचा फोन आला तर तिलाही ठाऊक. दुसऱ्याच्या कागदांत आयुष्यभर चुका काढलेल्या माणसाच्या घरात, स्वतःच्या आईच्या कार्डावर ही घोडचूक इतकी वर्षं बसून होती आणि त्याला दिसली नाही. नानांनी ठरवलं, अक्कांचं वय दुरुस्त करून घ्यायचं. छोटंसं काम होतं.

पहिल्यांदा ते छगनच्या दुकानात गेले. छगनने कार्डावरचा नंबर मोबाइलवर टाकला. मोबाइल म्हणाला, नंबर चुकीचा. तो जुन्या पद्धतीचा नंबर होता, मध्ये तिरप्या रेघा असलेला. नवीन नंबर कधीचा झाला होता आणि तो कुणालाच माहीत नव्हता. "अरे, नंबर जन्मभर तोच असतो," नाना म्हणाले, आणि रविवारी आपणच हे छातीठोकपणे सांगितलं होतं ते आठवून गप्प झाले. मग नावाने शोधलं. एक सुंदरबाई भडगावची निघाली, वय एकतीस. दुसरी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली. छगन उत्साहाने म्हणाला, "यातली कोणती चालेल?"

शेवटी भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकारी वृषालीमॅडम कामाला आल्या. मॅडम महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. वर्ग सांभाळून, मुलांच्या खिचडीकडे बघून, उरलेल्या वेळात घरोघर फिरून त्या यादी तपासत होत्या. त्यांनी अक्कांचं नाव यादीत काढून दिलं. नाव होतं, नवीन नंबर होता, वय सदुसष्ट. नानांचं त्रेसष्ट. यादीने इतक्या वर्षांत दोघांनाही दरवर्षी एकेक वर्षाने वाढवलं होतं, अंतर मात्र तसंच सांभाळलं होतं.

"दुरुस्तीचा अर्ज भरा, नाना," मॅडम म्हणाल्या. "वयाचा पुरावा जोडा."

आता पुरावा. अक्का शाळेत गेल्या नव्हत्या. वाचायला प्रौढशिक्षणात शिकल्या. रेशनकार्डावर वय होतं, पण त्याप्रमाणे त्या उखर्डूआबांपेक्षा थोरल्या निघत होत्या. राहिलं आधार. आधारवर जन्मतारीख होती, एक जानेवारी, आणि साल असं की अक्का नव्वदी ओलांडून पुढे गेलेल्या. ही तारीख आधार काढणाऱ्याने अक्कांच्या सुरकुत्या बघून टाकली होती. एकाच आईची तीन वयं टेबलावर मांडून नाना बसले. एका वयाप्रमाणे ते अवेळी जन्मले होते, दुसऱ्याप्रमाणे वडील धाकटे होते, तिसऱ्याप्रमाणे सगळं ठीक होतं पण आई आणखी म्हातारी.

"मोठं वय टाका, नाना," धनसिंगभाऊंनी सल्ला दिला. "म्हातारपणात वय वाढलेलं चांगलं. तहसीलला आपला माणूस आहे, करून देतो." तो माणूस रजेवर होता हे सांगायला नको.

नानांनी आधार जोडलं, अर्ज भरला, अक्कांसमोर सहीला ठेवला. अक्का त्या वेळी गच्चीवर कोकिळाबाईंबरोबर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वर्षभराचे पापड, घालत होत्या, हात पिठात. "कसाना कागद शे?" "कार्डना शे, माय. दुरुस्तीना." अक्कांना वाटलं लॅमिनेशनची दुरुस्ती. त्यांनी हात पुसून सुवाच्य सही केली आणि पुन्हा बिबड्यांकडे वळल्या.

अर्ज घेताना वृषालीमॅडमनी आधारवरचं साल बघितलं आणि भुवया उंचावल्या. "अहो, हे मंजूर झालं तर आजी पंच्याऐंशीच्या वर जातात. मग त्यांना घरून मतदान करता येईल. मी त्याचा वेगळा अर्ज आणून देईन."

"घरून म्हणजे?"

"अधिकाऱ्यांचं पथक घरी येतं. पोलीस, कॅमेरावाला, सगळे. पुठ्ठ्याचा आडोसा करून देतात, आजींनी आत मत द्यायचं. एकदा घरून द्यायचं म्हणाल्या की मग केंद्रावर मात्र जाता येत नाही."

शेवटचं वाक्य नानांनी ऐकलंच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर सरकारी गाडी उभी राहिली होती, त्यांच्या दाराशी. पोलीस गाडीतून उतरतोय, कॅमेरावाला फाटकाचा फोटो घेतोय, 'बिऱ्हाडे' ही पाटी त्यात स्वच्छ आली आहे, आणि धनसिंगभाऊ आपल्या ओट्यावरून मान लांब करून बघताहेत. गेल्या दोन आठवड्यांत माणसाचं जेवढं पाणी उतरलं होतं, तेवढं सगळं एका दुपारीत भरून निघणार होतं.

नाना तयारीला लागले. आधी फाटकाला रंग. रंगवाल्याने फाटक रंगवलं तर शेजारची भिंत कळकट दिसू लागली, म्हणून भिंत. भिंत उजळली तर ओट्यावरची फरशी उठून वाईट दिसू लागली. फरशीवाल्याने दोन फरश्या उखडल्या आणि तो एरंडोलला लग्नाला गेला, तो गेलाच. मग कोकिळाबाई पाणी भरताना त्या खड्ड्यात पडल्या आणि त्यांचा पाय मुरगळला. बिबडे अर्धेच राहिले, आणि ही गोष्ट त्यांना पायापेक्षा जास्त लागली. "अधिकारी येतील तेव्हा ते खड्ड्यात बसतील का?" त्यांनी पायाला हळद लावता लावता विचारलं. नाना पथकाला सरबत द्यावं की ते आचारसंहितेत बसत नाही, या प्रश्नात होते.

कॉलनीला कळायला वेळ लागला नाही. आणि एका संध्याकाळी नळावर कुणीतरी म्हणालं, "अक्का, मजा आहे तुमची. मत न्यायला घरी गाडी येणार म्हणे!"

अक्का घरात आल्या. हंडा खाली ठेवला. नाना सरबताच्या ग्लासांची संख्या मोजत होते.

"भटू, मना मतले गाडी कसाले येई ऱ्हायनी? मना पाय मोडनात का?"

"तसं नही, माय. ऊन कितलं ऱ्हास. तुले तरास नको म्हनीसन."

"घरमा मी भाकर टाकस, घरमा झाडू मारस. मत घरमा देवानी गोट शे का?" अक्कांचा आवाज चढला नव्हता, पण स्वयंपाकघरात कोकिळाबाईंनी गॅस बंद केला. "आमना गावनी हीरवर पानी भराले आमनी बाजू निराळी व्हती. माहीत शे ना तुले? आनि पहिलं मत द्याले गऊ तव्हय बठ्ठ्या बायासनी एकच लाईन. पाटलीन मना मांगे उभी व्हती. मना मांगे! उन्हमा! तिले बी ऊन लागी ऱ्हायंतं. आनि तू माले सांगस घरमा बठ?"

नानांनी हळूच कबूल केलं, की दुरुस्तीचा अर्ज वयाचा होता, लॅमिनेशनचा नव्हता.

"मना वयले काय व्हयेल शे?" एवढंच विचारून अक्का आत गेल्या. त्या दिवसापासून त्या नानांशी बोलेनाशा झाल्या. जेवायला वाढायच्या, औषध द्यायच्या, पण बोलणं कोकिळाबाईंमार्फत. आणि रोज दुपारी ती पांढरी साडी काढून, घडी मोडून, पुन्हा घडी घालून ठेवायच्या. नानांना ते बघवत नव्हतं. माणसं हसली ती हसली, पण आता आईचं बाहेर जाऊन मत देणं आपल्या हातून जातंय की काय, ही भीती त्यांना सोडेना. ते वृषालीमॅडमकडे धावले. मॅडम म्हणाल्या, घरच्या मतदानाचा अर्ज तर आजींनी सही केल्याशिवाय होतच नाही, त्याची काळजी नको. पण वयाच्या अर्जाची सुनावणी लागली आहे, आजींना घेऊन तहसीलला यावं लागेल.

सुनावणीच्या दिवशी अक्का आल्या. पांढरी साडी नेसून आल्या. बरोबर धनसिंगभाऊ, कारण आपला माणूस. नायब तहसीलदार तरुण होते, चेहऱ्यावरून दमलेले. त्यांच्या टेबलावर पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून अर्जांवर पेपरवेटऐवजी कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला होता. त्यांनी कार्ड बघितलं, आधार बघितलं, रेशनकार्ड बघितलं, आणि तिन्ही बाजूला सारून अक्कांनाच विचारलं, "आजी, तुमचा जन्म कधीचा?"

"कोनता सांगू, साहेब? मायनी दिन्हा तो, का मी लिन्हा तो?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही सांगा."

"माय म्हने, ज्वारी कापानी व्हती तव्हय तू व्हयनी. आते ज्वारी तं दर सालले कापतस." अक्का जराशा हसल्या. "तो जलम कोनी लिखी ठेवा नही. आमनं कोन लिखस? मंग एक सालले मना बाप माले संगे लई गया. नागपूरले. दसरा व्हता. मनं लगीन व्हयेल नव्हतं. गाडीमा पाय ठेवाले जागा नव्हती, भुसावळपासून उभी गऊ. मैदानमा इतला मानसं, इतला मानसं, मी पार मांगे. माले दिसनं काहीच नही. आवाज तेवढा ऐकू उना. बठ्ठा उभा ऱ्हायनात, मी बी उभी ऱ्हायनू. जे म्हनाडं, ते म्हनं. घर उनू तं मी तीच नव्हतू."

पलीकडच्या टेबलावरचा कारकून शिक्का मारायचा थांबला होता.

"मंग कार्डना फोटो काढाले मानसं उनात. त्यासनी इचारं, जलम कव्हयना? मी सांगं, त्या दसराना. त्या मानूसनी बोटवर मोजं आनि लिखी टाकं. हसना नही. मोजनं व्हई तं तठून मोजा, साहेब."

नानांनी मनातल्या मनात बोटं मोजली. पंच्याण्णव सालच्या एक जानेवारीला अडतीस. म्हणजे छप्पनचा दसरा. महिनाभर ते या आकड्याला भिंग लावून बघत होते, त्यावर रडत होते, त्यापायी ओटा खणून बसले होते, आणि दरवर्षी त्याच दसऱ्याला विहारात पहिल्या रांगेत बसून ते वंदना म्हणत होते. वय त्यांनी बघितलं होतं. साल मोजून बघायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"पण आजी," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आधारवर एक जानेवारी आहे."

"ती मशीनवाला पोऱ्यानी टाकेल शे. आनि हाऊ मना भटू दखा. याना एक जून शे. तो तरी कोठे खरा शे? हाऊ व्हयना तव्हय श्रावणना पानी पडी ऱ्हायंतं. शाळामा नाव टाकाले लई गऊ, मास्तरनी एक जून लिखा. माले इचारं बी नही." अक्कांनी पदर सारखा केला. "याना जलम मास्तरनी दिन्हा. मना मी लिन्हा."

धनसिंगभाऊ एकदम छताकडे बघू लागले, कारण त्यांचाही एक जून होता. कारकुनाचाही होता. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने चारचौघांत सांगून टाकलं, "साहेब, माझाबी." साहेब हसले आणि मग हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"नाना, खरं सांगू? या आधारवर मी वय बदलून देणं मलाच पटत नाही, आणि दुसरा पुरावा तुमच्याकडे नाही. अर्ज मागे घेताय का?"

नानांनी कागद मागितला. अर्ज मागे घेण्याचा मजकूर त्यांनी पोस्टातल्या सवयीने उभ्या उभ्या लिहिला: 'संबंधित कार्डाची पडताळणी केली असता वयात चूक आढळून आली नाही. सबब अर्ज मागे घेण्यात येत आहे.' खाली सही केली. साहेबांनी मजकूर वाचला, दोनदा वाचला, आणि त्यावर स्वतःच्या हाताने शिक्का मारला.

बाहेर आल्यावर अक्का इतक्या दिवसांनी नानांशी बोलल्या. "रसवंती लागी ऱ्हायनी तठे. रस पेस का?" नाना रस प्यायले. धनसिंगभाऊ दोन ग्लास प्यायले.

मतदानाचा दिवस मे महिन्यातला, जळगावचा. सकाळीच डांबर मऊ व्हायला लागलं होतं. अक्का पांढऱ्या साडीत, हातात स्टीलचा छोटा डबा, डब्यात कार्ड. शाळेच्या फाटकाशी पोलीस पुढे झाला, "आजी, तुम्हाला लाइन नाही. ज्येष्ठांना थेट आत."

"लाईन शे ना," अक्का म्हणाल्या आणि बायकांच्या रांगेत जाऊन सर्वांत शेवटी उभ्या राहिल्या.

शेजारी पुरुषांची रांग होती. नाना तिथे उभे राहिले, पण पुरुषांची रांग पटापट सरकत होती. मग नानांनी मागच्या माणसाला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." त्याच्या मागच्यालाही म्हटलं. असं करत करत, छत्रीचा दांडा तिरपा धरून आईवर सावली पाडत, ते तिच्या बरोबरीने पुढे सरकत राहिले. आता हे काही मोठं शौर्य नव्हे. पण त्या उन्हात, त्या वयात, तोऱ्यातला माणूस दर दोन मिनिटांनी दुसऱ्याला पुढे सोडतो आणि आईच्या पावलाशी पाऊल जुळवतो, हे ज्यांनी बघितलं, त्यांना नानांचं कौतुक वाटलं. मुरगळलेला पाय घेऊन अक्कांच्या मागे उभ्या राहिलेल्या कोकिळाबाईंनाही वाटलं, आणि त्यांनी फरशीचा खड्डा त्या दिवसापुरता माफ केला.

आत पहिल्या टेबलावरचा अधिकारी चटपटीत होता. त्याने यादीवर बोट ठेवून मोठ्याने नाव वाचलं, "सुंदरबाई उखर्डू बिऱ्हाडे." भिंतीकडेला बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनी आपापल्या याद्यांवर खूण केली. त्यांत धनसिंगभाऊ होते, आणि इथे तरी ते रजेवर नव्हते. अक्कांच्या बोटाला शाई लागली, सही झाली, त्या पुठ्ठ्याच्या आडोशाकडे गेल्या. मागोमाग नाना.

"भटू उखर्डू बिऱ्हाडे," अधिकाऱ्याने वाचलं आणि बोट यादीवर तसंच ठेवून वर बघितलं. "काका, आत गेल्या त्या तुमच्या आई ना? यादीत तर तुमच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठ्या दिसतात. चूक झालीय मोठी."

प्रतिनिधींच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. धनसिंगभाऊंनी त्याला कोपराने ढोसलं.

नानांनी पाठ ताठ केली. हुबेहूब अक्कांसारखी.

"चूक नाही, साहेब," ते म्हणाले. "आमची आई जरा उशिरा जन्मली."

त्याच वेळी आडोशामागून यंत्राचा लांब आवाज आला, आणि अक्का पदर सावरत बाहेर आल्या.